थंड वायर

चनबसप्पाला कुणी लाईटवाला म्हटलं की राग यायचा. दिवे काय, कुणीबी लावतंय, म्हणायचा; विजेचं वजन सारखं वाटून द्यायला अक्कल लागते. सोलापुरातल्या त्या जुन्या नाट्यगृहात वीज तीन फेजांवर यायची, लाल, पिवळी, निळी. त्याच्या लेखी त्या तीन जावा. एकीवर जास्त दिवे टाकले की घरात भांडण. आणि तिघींतलं जे उणंदुणं उरेल ते मुकाट्यानं परत नेणारी चौथी काळी वायर, न्यूट्रल, ती सासू. अशी सासू कुणाच्या नशिबी! चटका देत नाही म्हणून सगळे तिला थंड वायर म्हणायचे.

खंडेनवमीला डिमरच्या, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्राच्या, कपाटाची पूजा व्हायची. चनबसप्पा मेन बंद करायचा, थंड वायरीचा नट सैल करून झेंडूच्या माळेची तार त्याखाली सरकवायचा आणि पुन्हा आवळायचा. वडिलांपासूनची रीत. माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत काढायची नाही. यंदा तार जरा जाड आणि गंजकी मिळाली, एवढंच.

आज नाट्यस्पर्धेची दुपार. त्याची लेक रुद्राणी पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत. "अप्पा, माझ्या कंदिलाच्या सीनला तेवढं चुकू नका," असं बजावून गेली होती. त्या सीनला पिवळी-निळीवरचे दिवे उतरवायचे, लाल तेवढी भरून ठेवायची. निळीवर उरायचा विंगेतला पंखा आणि रुद्राणीच्या हातातला कंदील. काच काढून आत बल्ब बसवलेला.

दुसऱ्या अंकात झेंडू भाजल्याचा वास आला. चनबसप्पानं कपाट उघडलं. माळेचा कोळसा झाला होता. जाड तारेनं नट घट्ट बसलाच नव्हता; त्याखाली सगळं काळंठिक्कर, वायर सुटल्यात जमा. सासू घर सोडून चालली होती. तिघींवर वजन सारखं होतं म्हणून आतापर्यंत कुणाला पत्ता नव्हता. ते एकीकडे झुकलं की सगळा दाब हलक्या फेजवर चढणार, आणि हलकी कोण? निळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मेन पाडावं तर नाटक मेलं, पोरीची मेहनत मातीत. त्याचा हात मेनवर गेला आणि तिथंच राहिला. बापाचं काळीज, दुसरं काय. दिवे उतरवायचेच नाहीत, त्यानं ठरवलं. सीन उजळ दिसला तर दिसू दे, अंक संपला की बघू.

स्टेजवर रुद्राणीनं कंदील उचलून तोंडासमोर धरला. अंधार होईना. तिनं विंगेकडे पाहिलं. ती नजर कपाटापलीकडे, डिमरच्या दांड्यांच्या टेबलाशी उभ्या कोंडीबानं टिपली. कोंडीबा पडदा ओढणारा, चनबसप्पाचा जुना दोस्त, लई भला माणूस. भल्या माणसांनी जेवढं वाटोळं केलंय तेवढं वाईटांनाही जमलेलं नाही.

"अण्णा, झोप लागली की काय?" तो हसला आणि पिवळी-निळीचे दांडे खाली ओढले.

"कोंड्या, न्हाय..."

पंखा पिसाटासारखा फिरला. कंदील पांढराफटक पेटला आणि फुटला. चनबसप्पानं मेन पाडलं, पण आता पाडून काय उपयोग. अंधारात लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकातलंच आहे.

कोंडीबानं धावत जाऊन मागचं मोठं दार उघडलं. दुपारचं रखरखीत ऊन स्टेजभर आलं. रुद्राणी मधोमध उभी होती, तोंड उन्हाकडे, हातात कंदिलाचा सांगाडा.

"अप्पा," ती म्हणाली, "लाईट लावा की. काईच दिसंना."