निळ्या पट्टीचं सामान

ट्रक रिकामा झाला. तळाशी दोन दोरखंड आणि कुणाची तरी एकुलती एक चप्पल उरली, तरी भिंगरी फाळक्याला लटकून आत डोकावतच होती.

"आता काय मला उतरवतेस?" ट्रकवाले काका म्हणाले.

"काका, निळं कुठाय?"

"निळं काय?"

काकांना हे माहीत नसणार, पण भिंगरीच्या घरात हे विचारायची सोय नव्हती. घर बदलायचं ठरलं की आई चार रंगांच्या चिकटपट्ट्या आणायची. लाल स्वयंपाकघराची, हिरवी आईची, पिवळी भिंगरीची आणि निळी बाबांची. कुठला खोका कुठे, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. पट्टी बघायची, खोलीत नेऊन आदळायचा, की पुढचा. आज लाल आले, हिरवे आले, पिवळे तर इतके आले की काकांनी "पोरीचं लग्न आहे का?" असंही विचारून घेतलं. निळा एकही नाही. बाबांचं कपाट नाही, खुर्ची नाही, हत्यारांची पेटीसुद्धा नाही.

"मागच्या खोलीतलं राहू दे म्हणाल्या ताई," काकांनी दोरखंड गुंडाळता गुंडाळता सांगितलं, जसं काही एखादी बादली राहिली होती.

भिंगरी एका दमात तीन मजले चढली. (तिला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही, ती चालत कुठे जातच नाही.) नव्या घरात आई एका पोत्यावर बसून कागदात गुंडाळलेले कप सोडवत होती.

"आई, बाबांचं सामान राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"ठेवलंय म्हणजे?"

"म्हणजे ठेवलंय. तो सुरीचा खोका दे इकडे, तू नको उघडू."

आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" असं शांतपणे विचारायची तिला सवय. आताही ती तितकीच शांत होती, आणि भिंगरीला त्याचीच भीती वाटली. आई चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या आईचं काय करायचं ते तिला तोंडपाठ होतं. शांत आईचं काय करतात?

तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी असंच झालं होतं. आधी वडिलांचे बूट दाराबाहेर गेले, मग वडील.

जुन्या घराची किल्ली तिच्याच दप्तरात होती. घरमालकिणीचा मुलगा परत राहायला येणार, म्हणून घर सोडायचं होतं, पण महिनाअखेरपर्यंत ते त्यांचंच होतं. भिंगरी बस पकडून तिकडे गेली. दार उघडलं तर आपल्याच पावलांचा आवाज अंगावर आला. बैठकीत भिंतींवर तसबिरींचे चौकोन, स्वयंपाकघरात गॅसच्या जागी तेलकट डाग. आणि मागची खोली? मागची खोली जशीच्या तशी. कपाट, त्यात त्याच क्रमाने लटकलेले शर्ट. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. खिडकीत दाढीचं सामान. अख्ख्या बोळक्यात एकच दात राहावा तशी ती खोली उभी होती, आणि भिंगरी दारातच थिजली. आत पाऊल टाकायला तिला चक्क परवानगी घ्यावीशी वाटली.

बाबा दूर भर समुद्रात काम करायचे, समुद्राच्या तळाखालून तेल काढतात त्या लोखंडी फलाटावर. तिथे ते क्रेन चालवायचे. टनावारी ओझी जहाजातून उचलून फलाटावर अशी अलगद ठेवायचे, की म्हणे खाली ठेवलेला चहाचा कप हलत नसे. पण आजवर घर बदललं तेव्हा ते एकदाही हजर नव्हते. या घरात एक रीत पडून गेली होती: बाबांना तिकडे काळजी नको, म्हणून सगळं उरकलं की मग कळवायचं. ते सुट्टीवर यायचे तेव्हा कपाट जागेवर, शर्ट जागेवर. बूट काढायचे, चहूकडे बघायचे आणि म्हणायचे, "वा, लागलं की घर." दही लागतं तसं, झाकून ठेवलं की आपोआप.

मग चिडवायला सुरुवात. "यंदा काय हरवलंस?" कारण मागे एकदा सामान हलवताना लाटणं हरवलं होतं. ते एक लाटणं बाबांनी आठ वर्षं पुरवलं. पाहुणे आले की सांगायचे, "आमची ही अख्खं घर उचलून नेते, पण लाटणं विसरते." आई हसायची. भिंगरीही हसायची. जोक चांगला होता.

संध्याकाळी बाबांची पाळी संपते. भिंगरीने फोन लावला आणि व्हिडिओ सुरू केला. पलीकडे लोखंडी खोली, वरखाली दोन पलंग, आणि बाबांचा दमलेला, हसरा चेहरा.

"काय गं, आज गाडी लवकर?"

"बाबा, आम्ही घर बदललं."

"बदललं पण? वा. नवीन दाखव की."

तिने फोन फिरवला. रिकामी बैठक, तो तेलकट डाग, आणि मग मागची खोली. बाबा हसले. "अगं, हे तर जुनंच. ट्रक अजून भरतोय वाटतं."

"भरून गेला, बाबा. रिकामाही झाला."

बाबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस कुठेतरी गेला. चित्र अडकलं असेल म्हणून भिंगरीने फोन हलवला. अडकलं नव्हतं.

"माझं कपाट..." ते म्हणाले.

"आहे तिथेच आहे," मागून आई म्हणाली. ती केव्हा आली ते भिंगरीला कळलंच नाही. तिच्या केसांत अजून खोक्यांची धूळ होती. तिने फोन हातात घेतला. "दिसतंय ना? तुमचं सगळं आहे. एक रुमालही हलवलेला नाही."

"अगं, पण का? माझं काही चुकलं का?"

"तिकडच्या कामाचा पुढच्या दोन वर्षांचा करार केलात. मला कधी सांगितलंत?"

"झाल्यावर. तुला उगाच काळजी..."

"हो ना. आपली रीतच आहे." आई खुर्चीवर बसायला गेली आणि बसली नाही. "दर वेळी तुम्ही येता तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. कुठला जिना किती अरुंद होता ते तुम्हाला माहीत नाही. कपाट कुठे अडलं ते माहीत नाही. ती चूक माझी. तुम्हाला घरातला पाहुणा मीच केलं. आता नाही. मी तुम्हाला हाकलत नाहीये. पण तुम्हाला उचलून नेणारही नाहीये. या आणि आपलं सामान आपण हलवा."

"मला आत्ता सुट्टी नाही मिळणार."

"महिनाअखेरीला मालकीणबाई खोली रिकामी करणार. त्यांनी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

तेवढ्यात बाबांकडे कसला तरी भोंगा वाजला आणि फोन बंद झाला.

परतीच्या बसमध्ये भिंगरी आईशी बोलली नाही. हा तिच्या आयुष्यातला विक्रम होता. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: बाबा आले नाहीत तर नव्या घरात त्यांचं काहीच नसेल, आणि ज्याचं काहीच नाही तो माणूस कशाला येईल?

मग तिने चोऱ्या सुरू केल्या. शाळा सुटली की जुन्या घरी जायचं, बाबांचे दोन शर्ट दप्तरात कोंबायचे आणि नव्या घरी आपल्या गादीखाली लपवायचे. चार शर्ट जमेपर्यंत ती स्वतःवर फार खूश होती. पाचव्याच्या वेळी पाहते तर ते चारही शर्ट जुन्या कपाटात परत लटकत होते. वर इस्त्री केलेले.

"आई, तू इतकी दुष्ट कधीपासून झालीस?" तिने घरी येऊन विचारलं.

"चुरगळले होते ते," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही, पण भिंगरीला दिसलं की आईचे डोळे सुजलेत. आई त्या कपाटापाशी उभी राहून इस्त्रीचे शर्ट लावत असेल, हे भिंगरीच्या डोळ्यांसमोर आलं. तिला वाटलं होतं, आई पैज लावतेय. आई तर घाबरली होती.

बाबांचा फोन आला नाही. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. भिंगरी शाळेतून थेट जुन्या घरी पळाली. खाली भंगारवाल्याची गाडी उभी. जिन्यात मालकीणबाई, कमरेवर हात ठेवून. त्या म्हणाल्या, "जा वर. तुझ्या बापाला सांग, पट्टी संपली असेल तर माझ्याकडे आहे."

भिंगरी दारात पोहोचली आणि तिचं दप्तर हातातून खाली पडलं.

बाबा जमिनीवर बसले होते. अंगात कामाचाच जाड अंगरखा, दाढी वाढलेली, दातांत निळ्या पट्टीचं टोक. त्यांनी खोक्यांना पट्टी लावली होती, खुर्चीला लावली होती, दाढीच्या ब्रशला लावली होती, स्वतःच्या बाहीलाही लागली होती. पण खोके सगळे खालून उघडे.

"बाबा, आधी तळ चिकटवायचा असतो."

"हो का?" त्यांनी एक खोका उचलला. पुस्तकं धपाधप खाली पडली. दोघंही त्या ढिगाकडे बघत राहिली. "बदली माणूस मिळत नव्हता," ते म्हणाले. "शेवटी एकाने त्याची सुट्टी माझ्यासाठी सोडली. आठ दिवस आहेत. मग मलाही त्याच्यासाठी सोडावी लागेल."

"आईला कळवलंस?"

"काय कळवू? उरकलं की मग कळवायचं, नाही का?" ते हसायला गेले, ते जमलं नाही.

ट्रकवाले काका तेच आले. नव्या इमारतीखाली कपाटाला पाठ लावून बाबा उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कितवा मजला?" काकांनी भिंगरीकडे असं पाहिलं, की तिलाच लाज वाटली.

पहिल्या वळणावर कपाट अडलं. आडवं जाईना, उभं राहीना. क्रेनवर बसून हे काम चुटकीसरशी करणारे बाबा आता भिंत आणि कपाट यांच्यात चेंगरले होते, घामाने निथळत. "कलंडवू या," काका म्हणाले. कलंडवलं. चारी पाय वर आले.

तीन पाय होते. चौथा, मागच्या कोपऱ्यातला, जो कायम भिंतीकडे असतो, तो पाय नव्हताच. तिथे एक गोल, गुळगुळीत लाकूड ठोकून बसवलं होतं, वरून अर्धं कापलेलं, टोकाला मूठ.

बाबांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तो उतरताना भिंगरीला दिसला, आणि मग तिलाही कळलं काय आहे ते.

"हे लाटणं आहे," बाबा म्हणाले.

"जिन्यातच मोडला पाय." आई वरच्या पायरीवर उभी होती. "पाऊस होता, माणसं पैसे घेऊन निघून गेली होती. ही चार वर्षांची, कडेवर. तुम्ही दुसऱ्या दिवशी येणार होतात. डुगडुगणारं कपाट दिसलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत."

"आणि मी आठ वर्षं..."

"हो."

"तू सांगायचंस ना."

"तुम्ही किती हसायचात," आई म्हणाली.

बाबा पायरीवर बसले. कपाटाचं वजन खांद्यावर तसंच, मूठ हातात धरलेली. कुणीतरी फाडकन मुस्काटात मारावी आणि मारणारा माणूसच दिसू नये, तसे ते समोर बघत राहिले.

"साहेब," शेवटी खालून काका म्हणाले, "तुमचं चालू द्या, पण माझ्या हातावर येतंय."

आई खाली उतरली. तिने पदर खोचला आणि कपाटाचा मागचा कोपरा धरला, तो लाटण्याचा.

"भिंतीला घासू नका," ती बाबांना म्हणाली. "आधी डावीकडे झुकवा. मग उचला. तेव्हा मी उजवीकडे झुकवलं होतं."

बाबांनी डावीकडे झुकवलं. भिंगरी दार उघडायला पुढे पळाली.