अनोळखी चिठ्ठ्या

लायब्ररी नवऱ्याची होती. पुस्तकांची नव्हे, सॉफ्टवेअरची, म्हणजे कोणीही आपल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यावा असा तयार कोड. प्रोग्रामर लोक आपल्या कोडच्या डोक्यावर ॲनोटेशन नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतात: हे जुनं झालंय, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि नव्या लिहायच्या, एवढंच या लायब्ररीचं काम. ऑफिस सुटल्यावर खपून त्यानं ती उभी केली आणि जगाला फुकट देऊन टाकली. पण वापरतं कोण म्हणाल, तर छातीठोकपणे एकच नाव सांगता आलं असतं: बायकोचं ऑफिस. कोणाची आहे ते न सांगता, मीटिंगमध्ये भांडून तिनंच ती तिथे घ्यायला लावली होती. त्याला कोण अभिमान त्याचा!

आता बायकोच तक्रार घेऊन आली. "अरे, तुझी लायब्ररी एक चिठ्ठी लिहिते आणि आमच्या चार पुसते."

"तिच्या ओळखीच्या नसतील. अनोळखी चिठ्ठी ती ठेवतच नाही. नियम आहे तसा."

"आमच्या आम्हीच बनवल्यात त्या. राहू दे ना जशाच्या तशा. शुक्रवारी क्लायंटला काम सोपवायचंय आणि सगळी टीम हातानं चिठ्ठ्या परत चिकटवत बसलीय. तोंडघशी पडेन मी."

"मग रीतसर तक्रार नोंदव. घरच्यांसाठी वेगळा नियम नाही."

घ्या! बाई शेजारच्या खोलीत गेली आणि लायब्ररीच्या साइटवर साग्रसंगीत तक्रार नोंदवून आली. यानंही कॉफीचा कप बाजूला सारून तितक्याच थाटात उत्तर दिलं: "हे अपेक्षितच आहे. तक्रार बंद करत आहोत." करत आहोत म्हणे! होता एकटाच. बदल फार तर तासाभराचा होता, हे त्यालाही कळत होतं. पण बायकोसाठी केला असं दिसलं असतं, आणि तत्त्व म्हणजे तत्त्व.

तिनं ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. याला वाटलं, पटलं.

शुक्रवारी ती वेळेवर घरी आली. जेवताना यानं विचारलं, "सोपवलं काम?"

"हो बाबा, सुटले एकदाची."

"आणि चिठ्ठ्या?"

"तुझी लायब्ररी काढून टाकली. कामापुरती छोटीशी आम्हीच लिहिली."

"कोणी काही म्हणालं नाही?"

"साहेबांनी विचारलं, ज्यानं लिहिलीय त्याला सांगून बघितलं का. मी म्हटलं, बघितलं, ते नाही म्हणाले." तिनं पाण्याचा पेला उचलला. "तो माझा नवरा आहे, हे काही सांगवलं नाही मला. लाज वाटली रे."

त्याला ते फार लागलं. जेवण अर्धवट टाकून तो उठला, बदल करून टाकला आणि तिच्या तक्रारीखाली लिहिलं, "दुरुस्त केलं आहे." तक्रार करणारी तेव्हा त्याचं अर्धवट ताट झाकून ठेवत होती.