भिंतीवरचा अंगठा

तिने हातोडा खाली टाकला आणि भिंतीतल्या भोकावर अंगठा दाबून धरला. खिळा वाकडा गेला म्हणून तिने तो उपटला होता. त्यामागोमाग पाणी आलं. आता ते अंगठ्याच्या कडांमधून उडत तिच्या बाहीत शिरत होतं, आणि कोपरावरून नवऱ्याच्या उघड्या खोक्यांत पडत होतं.

खोक्यांत त्याची पुस्तकं होती. त्यांच्यासाठीच ती फळी लावत होती, तो बेकरीतून परतायच्या आत. चष्म्याच्या दुकानात दिवसभर केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या बाईला दोन खिळे म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं.

या घरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. पाणी कुठून बंद करायचं, तिला ठाऊक नव्हतं. पण भीती पाण्याची नव्हती. त्याला रागावलेलं तिने अजून पाहिलं नव्हतं. पहिल्या नवऱ्याचा रागही तिला दिसला तो लग्नानंतरच.

दारात किल्ली फिरली. तिचे खांदे कानांपर्यंत चढले.

"अगं, जिन्यापर्यंत आवाज..." तो उंबऱ्यातच थांबला.

"चुकलं माझं. पुस्तकं वाळवते, आत्ता लगेच. तू फक्त..."

त्याने पिशवी भिरकावली आणि भराभर तिच्याकडे आला. तिने डोळे मिटले. पिठाचा वास जवळ आला, आणि त्याचा अंगठा तिच्या अंगठ्याला येऊन टेकला.

"काढ हात. वॉल्व कुठंय?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. खालच्या काकूंना विचार. पळ!"

ती चपला अडकवून जिना उतरली. शेवटच्या पायरीवर लक्षात आलं, खांद्याला पर्स आहे. कधी उचलली, आठवेना. समोर फाटक उघडं होतं. पलीकडे बस येऊन थांबली होती.

वरून हाक आली, "मिळाला का गं? अंगठ्याचा पार बर्फ झालाय!"

ती वळली. काकूंनी जिन्याखालचा वॉल्व दाखवला. "नवीन बिऱ्हाड आलं की त्या पाइपला एक भोक ठरलेलंच," त्या म्हणाल्या. तिने दोन्ही हातांनी तो फिरवला.

"सोड!" ती ओरडली.

"नक्की?"

"नक्की."

ती वर आली तेव्हा तो गुडघ्यांवर बसून लादी पुसत होता. पुस्तकं खिडकीत उघडी ठेवली होती. तो काही बोलत नव्हता. पहिल्या घरातही राग फुटण्याआधी अशीच शांतता असायची. ती दाराजवळच उभी राहिली.

"पावाची पुस्तकं भिजलीत," तो म्हणाला. "आता बघ, उद्यापासून पाव कसे मऊ होतात."

ती हसली, जरा उशिरा.

"बरं, मिस्त्रीबाई, दुसरा खिळा कुठे? इथे?" तो उठला आणि भिंतीवरची जागा दाखवायला त्याने हातोडा वर उचलला.

तिची मान खाली गेली. कोपर चेहऱ्यासमोर आलं.

हातोडा क्षणभर वरच राहिला. मग त्याने तो सावकाश खाली आणला, लादीवर ठेवला आणि पायाने तिच्याकडे सरकवला. स्वतः मागे मागे जात पार खिडकीला टेकला.

"तूच ठोक," तो म्हणाला. "फळी सरळ आहे का, ते मी इथूनच सांगतो."

ती वाकली तशी पर्स पुढे लोंबकळली. तिने ती मागे सारली. पुन्हा मध्ये आली, तेव्हा काढून खोक्यावर ठेवली.