मरून आल्यावर

“मरायचं आहे का?” नरेश कारखानीसने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला.

पलीकडे कास्टिंग एजन्सीतली शिनेड होती. ती जरा घुटमळली. “शेवटी, नरेश. अगदी शेवटी. त्याआधी पाऊण सिनेमाभर तू जिवंत आहेस. संवाद आहेत, क्लोजअप आहेत. मोम्बासात जन्मलेला भारतीय म्हातारा, डब्लिनमध्ये मुलीकडे राहतो. डायरेक्टरला स्वाहिली येणारा आणि घरात स्वतःची भाषा बोलणारा माणूस हवाय. असा आयर्लंडमध्ये तुझ्याशिवाय कोण आहे?”

“मी आता मरत नाही, शिनेड. तुला माहीत आहे.”

“सोमवारपर्यंत विचार कर,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

डब्लिनच्या क्लोनडॉकिन उपनगरातल्या आपल्या स्वयंपाकघरात नरेश चहाचं आधण तसंच उकळत ठेवून उभा राहिला. ज्या भूमिकेची जन्मभर वाट पाहिली ती दारात आली होती, आणि हा गृहस्थ तिला आतूनच ‘घरी कोणी नाही’ म्हणून सांगत होता.

नरेशचा जन्म खरोखरच मोम्बासाचा. वडील तिथल्या बंदरात कारकून होते. तिथल्या मूठभर मराठी घरांनी गणपतीत नाटक बसवलं की नरेशकडे पडदा ओढायचं काम असे. एकदा ओढता ओढता तो स्वतःच पडद्यात गुंडाळला गेला आणि त्याला आयुष्यातली पहिली टाळी मिळाली. ती काही त्याच्या कानातून गेली नाही. पुढे पुण्यात कॉलेज झालं, रोहिणीशी लग्न झालं, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून डब्लिनला येणं झालं. पन्नाशी जवळ आली तसा तो जुना किडा पुन्हा वळवळला आणि नरेश एजन्सीत नाव नोंदवून आला. जन्म कुठला, असं विचारल्यावर त्याने इमानदारीत मोम्बासा सांगितलं. एजन्सीने त्याला ‘आफ्रिकेत जन्मलेला अभिनेता’ या रकान्यात टाकून दिलं.

पहिलं बोलावणं आलं ते डब्लिनजवळच्या विकलोच्या डोंगरात, आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंडखोर सरदाराचा अंगरक्षक म्हणून. बाकीचे अंगरक्षक नायजेरियाचे, धिप्पाड. त्यांच्या रांगेत चष्मा लावलेला, डब्यात पोळी-भाजी आणलेला नरेश.

“हा गडी आफ्रिकन आहे?” दिग्दर्शकाने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं.

नरेशने पुरावा म्हणून फर्डी स्वाहिली बोलून दाखवली. नायजेरियाच्या मंडळींना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्यांनी कौतुकाने मान हलवली. दिग्दर्शकाला वेळ नव्हता. तो म्हणाला, “ठीक आहे. तू आधीच मेलेला आहेस. चिखलात पालथा पड.”

नरेश पडला, आणि असा पडला की जेवणाची सुट्टी झाली तरी कोणाला त्याची आठवण राहिली नाही. तोही हलला नाही. मरण्याची त्याची ही हातोटी शिनेडने हेरली आणि नरेशची गाडी रुळावर आली. तस्कर, खलाशी, डॉक्टर, कोणीही असो, पडदा वर जायचा तेव्हा नरेश मेलेला असायचा. हळूहळू तो पालथ्याचा उताणा झाला, ही त्याची बढती. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्ष अभिजित त्याची ओळख ‘आपले आंतरराष्ट्रीय कलाकार’ अशी करून द्यायचा आणि हळूच विचारायचा, “नरेशदादा, यात कितव्या मिनिटाला बघायचं? मागच्या वेळी मी नेमका पॉपकॉर्न आणायला गेलो होतो.”

पण खरा प्रयोग व्हायचा तो घराच्या दारात.

त्या पहिल्या दिवशी तो खोट्या रक्ताने आणि खऱ्या चिखलाने माखून घरी आला, तेव्हा रोहिणीने त्याला उंबऱ्यातच अडवलं. “थांबा! मेलेला माणूस असा सरळ घरात येतो का?”

“अगं, मेलो नाहीये. अभिनय आहे.”

“यमाला काय कळतंय अभिनय? त्याने बघितलं असेल तर?” ती आत गेली. भाकरी काही त्या दिवशी नव्हती, म्हणून आयरिश सोडा ब्रेडचा तुकडा आणि तांब्यात पाणी घेऊन आली. भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळून तिने बाहेर फेकला आणि पाण्याची बोटं त्याच्या डोळ्यांना लावली. शेजारच्या ब्रिडीबाईंच्या टोबी नावाच्या कुत्र्याने तुकडा वरच्या वर झेलला. ब्रिडीबाईंनी कुंपणावरून हे सगळं डोळे भरून पाहिलं.

“हं, आता या,” रोहिणी म्हणाली. “हातपाय धुवा. चहा टाकते.”

तेव्हापासून हा नेम झाला. नरेश कुठेही मरो, घरी आला की भाकरतुकडा ठरलेला. टोबीला त्याच्या गाडीचा आवाज ओळखू यायला लागला. ब्रिडीबाई कुंपणावरून विचारायच्या, “आज पुन्हा गेला का हा?” रोहिणी म्हणायची, “गेला होता. आला.” ब्रिडीबाई म्हणायच्या, “ग्रँड,” म्हणजे छान झालं. असल्या गोष्टींवर विश्वास नाही, असं नरेश मंडळात सगळ्यांना सांगत असे. पण एकदा रोहिणी फोनवर होती, तेव्हा पावसात पंधरा मिनिटं दारात उभा राहिला तोही हाच.

मग रोहिणी आजारी पडली आणि बरी झाली नाही. तिला निरोप देऊन नरेश स्मशानातून परतला, तेव्हा सवयीने उंबऱ्याशीच थांबला. मुलगी तन्वी गाडी लावत होती. टोबी कुंपणाशी येऊन आशेने शेपटी हलवत होता. आतून कोणी आलं नाही. नरेश किती वेळ तसाच उभा होता कोण जाणे. त्यानंतर त्याने शिनेडला सांगून टाकलं, की मी आता मरणार नाही. शिनेड म्हणाली, “नरेश, लव्ह, पण तुझ्याकडे दुसरं कामच नाहीये.” नसू दे, म्हणाला.

शनिवारी तन्वी मेनूथहून आली. ती तिथे विद्यापीठात संशोधन करायची. मराठी तिला सगळी समजे, पण तोंडातून मात्र आयरिश इंग्रजीच बाहेर पडे.

“बाबा, शिनेड रँग मी. यू सेड नो? आर यू मॅड?”

“पाठ दुखते गं. मरायचं म्हणजे तासन्‌तास पडून राहायला लागतं.”

“यू लाय ऑन दॅट सोफा ऑल डे!”

सोमवारी नरेशने होकार कळवला.

शूटिंगचे दिवस मजेत गेले. ऑर्ला नावाची तरुण दिग्दर्शिका त्याच्या स्वाहिलीवर खूश होती, मराठीवर त्याहून खूश. आपला चेहरा उघड्या डोळ्यांनिशी कॅमेऱ्यात जातोय, या आनंदात नरेशला दुपारच्या जेवणाचीही शुद्ध राहत नसे. आणि मग मरायचा दिवस उगवला.

साधा प्रसंग होता. म्हातारा पलंगावर पडलाय, सिनेमातली मुलगी हात धरून बसलीय, तो डोळे मिटतो. नरेशने मिटले. पापणी थरथरली.

“कट,” ऑर्ला म्हणाली. “नरेश, तू जिवंत आहेस.”

पुन्हा मिटले. या खेपेला आवंढा आला, गळ्याची घाटी खालीवर झाली. मग छाती हलली. मग कळस म्हणजे मेलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात गेलं. ज्याच्या मरण्याचे दाखले नवख्यांना दिले जात, त्याला आज मरता येईना. मेकअपवाली गाल पुसून थकली. ऑर्लाने सगळ्यांना चहाला सोडलं.

नरेश शर्टावर शाल गुंडाळून बाहेर आला आणि त्याने तन्वीला फोन लावला.

“कुठे आहेस?”

“मेनूथ, ऑफ कोर्स. व्हाय?”

“काही नाही. म्हणजे घरी कोणी नाही?”

“नो. बाबा, व्हॉट्स राँग?”

“काही नाही गं. संध्याकाळी येईन घरी, तर... कोणी नाही म्हणून विचारलं.”

तन्वीने हळूच विचारलं, “बाबा, इज धिस अबाउट द ब्रेड?”

रोहिणीपाशी हसत उडवून लावलेली गोष्ट मुलीने अशी नेमकी उचलून हातात ठेवली होती. नरेशने नुसतं नाक ओढलं.

“ओके,” तन्वी म्हणाली. “गो ऑन अँड डाय, बाबा. आय’ल बी होम.”

नरेश आत गेला, पलंगावर पडला आणि पहिल्याच टेकमध्ये गेला. इतका स्वच्छ गेला की कट म्हटल्यावर हात धरून बसलेल्या पोरीने घाबरून त्याला गदागदा हलवलं. सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. पडद्यात गुंडाळल्यानंतरची ही त्याची दुसरी टाळी.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा दार उघडंच होतं.

“डोन्ट मूव्ह!” आतून आवाज आला. कपाट उघडल्याचा, भांडी पडल्याचा आवाज झाला आणि तन्वी बाहेर आली. एका हातात पाण्याचा मग, दुसऱ्यात फ्रीझरमधून काढलेला, दगडासारखा गोठलेला ब्रेडचा तुकडा. तिने तो त्याच्यावरून ओवाळला, उलट्या बाजूने, मग चूक लक्षात येऊन सुलट्या बाजूने, आणि जोर लावून फेकला. टोबी आता म्हातारा झाला होता. त्याने तोंड उघडेपर्यंत तुकडा डोक्यावरून गेला आणि ब्रिडीबाईंच्या कचऱ्याच्या डब्यावर ठाणकन आपटला.

ब्रिडीबाई कुंपणाशी आल्या. “आज पुन्हा गेला का हा, पोरी?”

“ही डिड. ही’ज बॅक.”

“ग्रँड,” त्या म्हणाल्या, आणि आत न जाता तिथेच डोळे टिपत उभ्या राहिल्या.

तन्वीने मगमध्ये बोटं बुडवून नरेशच्या डोळ्यांना लावली. डोळे आधीच ओले होते. ती थोडी अडखळली, शब्द जुळवल्यासारखे तिचे ओठ हलले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्याशी आपणहून मराठीत बोलली.

“हातपाय धुवा,” ती म्हणाली, आईसारखंच, अहो-जाहो करत. “चहा टाकते.”

नरेशने तिला काही सुधारून सांगितलं नाही. त्याने बूट बाहेर काढले आणि तो घरात आला.