वहिनीचे सहा कप

खडकावरचे पक्षी सकाळी नुसते ठिपके होते. आता चिमीला त्यांचे पंख दिसत होते.

वारा साफ पडला होता. शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबत होतं आणि पाण्याची ओढ होडीला गुपचूप खडकांकडे नेत होती. आदल्या दिवशीच्या वादळात दोर तुटून नांगर गेला, छपरावरचं सोलर पॅनेल उडालं, मोठी बॅटरी पाण्यात बुडून मेली. इंजिन तिच्या दादाने कधी बसवलंच नव्हतं. “शिडाच्या होडीला इंजिन म्हणजे धडधाकट माणसाला कुबडी,” असं तो चारचौघांत मिरवायचा. उरला होता हातातला छोटा वायरलेस, तोही चार्ज संपून निपचित. बंदरावर एक निरोप पोचला, तरच कोणी ओढून न्यायला येणार होतं.

दादाने चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. तो हातपाय गाळून बसणारा नव्हता. डागडुजीला ठेवलेला जस्ताचा पत्रा त्याने कापला, तांब्याच्या पट्ट्या काढल्या, एक जस्त एक तांबं अशा चौदा जोड्या तारेने एकापुढे एक जोडल्या आणि कडेवरून समुद्रात सोडल्या.

“खारं पाणी आणि दोन धातू. झाली वीज! एका जोडीचा जेमतेम पाऊण व्होल्ट. चौदांचे किती?”

“दहाच्या आसपास. या वयात शाळेत घालतोस का मला?”

“वायरलेसला आठ-साडेआठ पुरे.”

मीटरचा काटा पाऊणपाशी गेला आणि तिथेच बसला. दादाने सगळे सांधे घासले, तारा पुन्हा पिळल्या. काटा ढिम्म.

“तू तार ओढलीस!”

“मी हातसुद्धा लावला नाही. उगाच माझ्या नावाने खडे फोडू नकोस.”

अडुसष्टाव्या वर्षीही ती चिमीच होती, आणि चूक तिचीच असायची. लहानपणी दादा शिडीवरून पडला, तेव्हाही शिडी म्हणे हिनेच हलवली होती.

शेवटच्या जोडीला शेवाळ अडकलं होतं. ते काढायला तिने जोडी वर घेतली आणि प्लास्टिकच्या मगात समुद्राचं पाणी घेऊन विसळायला लागली. काटा हलला. दीडपाशी जाऊन थांबला.

“दादा, हे बघ.” तिने जोडी समुद्रात सोडली, काटा खाली आला. मगात घातली, वर गेला.

दादाने कपाळावर हात मारला. “अगं, सगळ्या एकाच पाण्यात बसल्यात! दुकानात सेल यायचे ते आपापल्या डब्यात बंद. समुद्र केवढाही असला तरी भांडं एकच, म्हणून सेलही एकच ना!”

“मग मांडून दे प्रत्येकीला वेगळी चूल.”

पण होडीवरची भांडी सगळी स्टीलची. “ती नकोत. पत्रे भांड्याला टेकले की कारभार आटोपला.” चहाचा डबा, साखरेचा डबा, दात घासायचा पेला असं करत प्लास्टिकची आठच भांडी निघाली. साडेपाच व्होल्ट.

पक्ष्यांच्या चोची दिसायला लागल्या.

चिमीने बाकाखालच्या पेटीकडे पाहिलं. आत वहिनीचे कप होते. निळ्या काठाचे, चिनी मातीचे सहा. होडीवर पाहुणे आले की काढायचे, म्हणून तिने हौसेने घेतलेले. वहिनीला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि पेटीची किल्ली तेव्हापासून दादाच्या गळ्यात.

“ते नाही.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“डोळ्यांनी म्हणालीस.”

“मग आता तोंडानेही ऐक. होडी आपटली की त्या पेटीला कुलूप असलं काय, नसलं काय!”

दादाने एकदा खडकांकडे पाहिलं. मग त्याने किल्ली काढली. एकेका कपात खारं पाणी त्याने स्वतःच ओतलं, तिला हात लावू दिला नाही.

काटा दहाजवळ गेला. वायरलेसमध्ये थेंब थेंब वीज जाऊ लागली.

“किती वेळ?”

“दीड तास तरी.”

“खडकांना सांग तसं.”

चौदा भांडी टॉवेलांत घट्ट बसवून दोघं दोन बाजूंनी हातांचं कडं करून बसली. पाठीला रग लागली तरी कोणी हललं नाही. फुटणाऱ्या लाटांचा आवाज जवळ येत होता. तासाभराने होडी एकदम कलली. चिमीने तीन कप छातीशी धरले, चौथा निसटला आणि फुटला. दादा तुकडे वेचायला लागला.

“दादा, तार जोड! रडायचंय ते नंतर!”

फुटलेल्या कपातली जोडी वगळून त्याने मधली तार सांधली. तेरा जोड्या, नऊ व्होल्ट. चालत होतं. आणखी अर्ध्या तासाने त्याने बटण दाबलं आणि एका दमात बोलला. शिडाची होडी, दोन माणसं, दिवा असलेल्या खडकांच्या पश्चिमेला, वारा नाही, नांगर नाही.

खरखर. मग आवाज आला, “ऐकलं. लाँच निघा…” आणि वायरलेसचा दिवा विझला.

लाँच आली तेव्हा फेसाचे शिंतोडे होडीत येत होते. लाँचवाल्याने दोर फेकला, उडी मारून आला, गाठ मारली. होडीने खडकांकडे पाठ फिरवल्यावर त्याचं लक्ष आत गेलं. “आजोबा, हे काय, भांड्यांचं दुकान मांडलंय?”

दादा गोड्या पाण्यात पाच कप विसळत होता. आतून काळे डाग पडले होते, ते जात नव्हते.

“चिमे, चहा टाक.”

“कुठल्या कपात?”

“ती काय म्हणायची? पाहुणे आले की काढायचे. आले बघ पाहुणे.” त्याने कप पुसून तिच्या पुढ्यात मांडले. “आणि तो सहावा तूच पाडलास.”

“हो रे बाबा, मीच,” चिमी म्हणाली आणि तिने शेगडी पेटवली.