एकदा तरी हरव

टुण्.

दोन्ही मुलं झोपली होती, पंखा तेवढा फिरत होता, आणि स्वयंपाकघरातून तो एवढासा आवाज आला. मी बाळाच्या मानेखालचा हात हळूच सोडवून घेतला आणि जाऊन बघितलं. आई ओट्यापाशी उभी होती. माझ्या देवघरातली अन्नपूर्णा तिनं नुकतीच पाण्यानं भरलेल्या स्टीलच्या गंजात सोडली होती. रांगता बाळकृष्ण आधीच तळाशी जाऊन बसला होता.

"आई, हे काय?"

"देव पाण्यात ठेवलेत. रुचिरचं कॉलेज चॅम्पियन झालं की काढीन बाहेर."

"अगं, पण मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? लग्नात हे देव मीच दिलेत तुला. तेवढा हक्क आहे माझा." मग तिनं गंजावर ताटली झाकली आणि कौतुकानं म्हणाली, "असं घुसमटून ठेवल्याशिवाय ऐकत नाहीत हे लोक."

देव माझे, नवस तिचा. आणि मी त्याच देवांकडे गेले कितीतरी दिवस नेमकं उलटं मागत होते.

रुचिर माझा धाकटा भाऊ, माझ्याहून पुष्कळ लहान. बाबा सिंगापुरात, आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होते तेव्हा आम्ही सगळे इथंच राहायचो. आईला दुपारच्या झोपेत त्याचा दंगा नको असायचा म्हणून एका सुट्टीत मीच त्याला एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जुराँगच्या बर्फाच्या रिंकवर नेलं. बाहेर अंगाला चिकटणारा उन्हाळा आणि आत दात वाजवणारी थंडी. तिथं मोठी मुलं हॉकी खेळत होती आणि गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी ह्या किडमिड्याला उभं केलं. घरी आला तो मांड्यांवर काळेनिळे वळ घेऊन, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणी न सांगता दोनदा भात मागून जेवला. आई म्हणाली, "बर्फावर कसली मेली हॉकी? घसरून पडायला वेगळा खेळ कशाला लागतो?"

पुढे आई-बाबा पुण्याला परतले, मी लग्न करून इथंच मरीन परेडला आले आणि रुचिर मिनेसोटातल्या एका लहानशा कॉलेजात गेला. तिथं त्याला गोलकीपर म्हणून घेतलं. आणि ह्या वर्षी, २००७ साली, त्यांचं कॉलेज हरेचना.

म्हणजे अक्षरशः हरत नव्हतं. गेल्या ऑक्टोबरपासून एकही सामना नाही. पाच-शून्य, सात-एक, एकदा तर नऊ-शून्य. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची दुसऱ्या दिवसाची सकाळ. कॉलेजचा रेडिओ इंटरनेटवर लागायचा, त्यावर तिथलीच दोन मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत समालोचन करायची आणि मध्येच आवाज गोठायचा. आई माझ्या बाळंतपणासाठी आली तीसुद्धा ऐकायला बसायची. तिला इंग्रजीतला आरडाओरडा कळायचा नाही, पण 'रुचिर' हे नाव त्यांनी कितीही वाकडं उच्चारलं तरी तिला बरोबर सापडायचं. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी फिरायला गेली की कुणी मराठी दिसायचा अवकाश. "आमच्या रुचिरचं कॉलेज ना, हरतच नाही हो. काय करायचं!" जणू काही ती एक अडचण होती.

मला ती खरंच अडचण होती. आणि ते फक्त मला माहीत होतं.

जानेवारीत विरुद्ध बाजूचा एक धिप्पाड मुलगा वेगात येऊन रुचिरवर आदळला. रुचिरचं डोकं मागच्या गोलच्या खांबावर आपटलं. तो उठला आणि उरलेला सामना खेळला. रेडिओवरच्या मुलांनी त्याला 'भिंत' म्हटलं. चार दिवसांनी स्काइपवर त्यानं मला विचारलं, "ताई, तुझ्या खोलीतला दिवा जरा बंद करतेस? डोळ्यांत जातोय." माझा दिवा. मिनेसोटात बसलेल्या त्याच्या डोळ्यांत.

मग हळूहळू बाहेर आलं. सकाळी ओकाऱ्या होतात. वर्गात काळा गॉगल लावून बसतो. एकच पान पुन्हा पुन्हा वाचतो. "काल जेवणाच्या हॉलमधून खोलीवर येताना वाट चुकलो. हसू नको हं."

मी हसले नव्हते. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"परीक्षा घेतली ना त्यांनी. पास झालो."

ती परीक्षा कशी असते तेही त्यानंच सांगितलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना संगणकावर बसवून आठवणीची, नजरेची चाचणी घेतात. पुढे डोक्याला लागलं की तीच चाचणी परत घेतात आणि आधीच्या मार्कांशी ताडून बघतात. मुलांना हे ठाऊक असतं. म्हणून सप्टेंबरमध्ये सगळी ठरवून चुकीची बटणं दाबतात, म्हणजे पुढे डोकं फुटलं तरी मार्क तेवढेच.

"सगळेच करतात गं," रुचिर म्हणाला. "आणि आईला कळलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आई शप्पथ."

"आईची शप्पथ घेऊन आईपासूनच लपवतोस, गाढवा."

तो हसला, आणि लगेच दोन्ही हातांनी डोकं धरलं.

बाळाला लस द्यायला पॉलिक्लिनिकमध्ये गेले तेव्हा मी डॉक्टरबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं की, डोक्याला असा मार बसलेला असताना दुसरा बसला तर काय होतं? लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "कोण आहे हा मुलगा? त्याला खेळणं थांबवायला सांगा. आजच. दुसऱ्या वेळी मेंदू सुजला तर मग आमच्या हातात काही राहत नाही."

घरी आल्यावर निशिकांतला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो ऑफिसचा टाय सोडत म्हणाला, "चैतू, तो मोठा झालाय. तू काय सिंगापुरातून त्याचा कान धरणार?"

"लांब असला म्हणून कान नाही का त्याला?"

दुसऱ्या दिवशी येताना तो इंटरनॅशनल कॉलिंग कार्डांची जुडीच घेऊन आला आणि लॅपटॉपशेजारी ठेवून आंघोळीला गेला.

मी टीमच्या ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंची दुखणी बघणाऱ्या माणसाला, फोन लावला. बाळ छातीशी, थोरली इरा पायाशी क्रेयॉन घेऊन. ट्रेनर फार सभ्य माणूस होता. त्याला मी चुकीच्या बटणांचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी रुचिरशी बोलतो." बोललाही. रुचिरनं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं की काही होत नाही, बहीण नुकतीच बाळंत झाली आहे, घाबरट झाली आहे. न हरणाऱ्या टीमच्या गोलकीपरवर अविश्वास दाखवायची तिथं कुणालाच घाई नव्हती.

त्या दिवशी रुचिरचा फोन आला. "ताई, आता एक फोन जरी केलास ना, तर मी तुला ताई म्हणणार नाही."

"नको म्हणूस. चैत्राली म्हण. पण बाकावर बस."

"मी बसलो तर आम्ही हरू."

"मग हरा ना! हरल्यानं कुणी मरत नाही रे रुचिर!"

त्यानं फोन ठेवला.

तेव्हापासून माझं सगळं त्या हरण्यावर येऊन थांबलं. आता स्पर्धेचे सामने बाद पद्धतीचे होते. एक हरले की हंगाम संपला. संपला म्हणजे तो घरात झोपेल, पडदे ओढून, महिनोन् महिने, बरा होईल. मला फक्त एक हार हवी होती. ऑक्टोबरपासून ज्या टीमला कुणी हरवू शकलं नव्हतं तिला हरवणारं कुणीतरी.

आई रोज सकाळी आंघोळ करून गंजातलं पाणी बदलायची आणि हात जोडायची. ती बाळाला तेल लावायला गेली की मी ताटली सरकवायची. पाण्याखाली बाळकृष्ण लोण्याचा गोळा धरून एका गुडघ्यावर. हरव रे, मी म्हणायची. एकदा तरी हरव. त्याच्या हातून चूक होऊ दे. सगळे त्याला शिव्या घालू देत. दोन बायका, एकच गंज. कुणाचं ऐकायचं त्यानं?

पहिला सामना सहा-एक जिंकले. उपांत्य फेरीत शेवटपर्यंत दोन-दोन होतं. आता हरतील असं मला वाटायला लागलं, आणि मग रेडिओवरची मुलं किंचाळली. तीन-दोन. आईनं टाळ्या वाजवून इराला उचललं. इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडत नाचायला लागली, "मामा विन ऑलरेडी लाह! अगेन!"

आईनं रवा भाजायला घेतला. तुपाचा वास घरभर झाला. मला तो वास सोसेना. मी गॅस बंद केला आणि तिला सगळं सांगून टाकलं. ओकाऱ्या, गॉगल, चुकीची बटणं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. तिच्या हातात उलथनं तसंच.

"मला का नाही सांगितलंस?" आधी हे. आणि मग, "खेळणाऱ्याला लागतंच गं."

"आई, तू फोन कर. तुझं ऐकेल. म्हणावं, तुला माझी शपथ आहे, खेळू नकोस."

तिनं त्या झाकलेल्या गंजाकडे बघितलं. "देव पाण्यात आहेत, चैत्राली. आता मध्येच उलटं कसं मागू? अर्ध्यावर सोडलेला नवस पोराच्याच अंगावर येतो." ती हट्टानं बोलत नव्हती. तिला खरोखर भीती वाटत होती. "आता एकच तर सामना राहिलाय. जिंकेल आणि संपेल. मग मी स्वतः जाईन तिकडे, त्याला अंधाऱ्या खोलीत निजवीन, मऊ भात भरवीन. एकच सामना गं."

"त्या एका सामन्याचीच तर भीती आहे, आई."

तिनं गॅस परत पेटवला. रवा खाली लागला होता.

मी रुचिरला लावत राहिले. तो उचलत नव्हता. ट्रेनरचा फोन संदेश घेणाऱ्या यंत्रावर जात होता. त्यावर मी शहाण्यासारखं, सावकाश, मग रडत, मग पुन्हा शहाण्यासारखं बोलले. बाळाला पाजताना दूध येईना. आई म्हणाली, काळजीनं आटतं.

अंतिम सामना आमच्या रविवारी सकाळी. निशिकांतनं मुद्दाम स्पीकर आणून जोडले होते. आई सोफ्याच्या कडेला बसून पुटपुटत होती. इरानं कागदावर मोठ्ठा निळा बर्फ काढला होता आणि त्यात एक मामा.

पहिल्या भागात दोन-शून्य. दुसऱ्या भागात तीन-शून्य. रेडिओवरची मुलं हसत होती, म्हणत होती की अशी टीम ह्या कॉलेजनं पाहिलेली नाही. मी काही मागायचं सोडून दिलं होतं. फक्त त्याचं नाव ऐकत होते. नाव आलं की तो उभा आहे.

मग एकदम गलका. कुणीतरी गोलमध्ये घुसलं होतं. "...डाउन. रुचिर इज डाउन." आवाज गोठला. पडद्यावर ते छोटं वर्तुळ फिरत राहिलं. निशिकांत उठून वायर हलवायला लागला. आई मला विचारत होती, "काय म्हणाले? नाव घेतलं ना? काय म्हणाले?"

आवाज परत आला तेव्हा सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. "ही इज अप! ऑफ कोर्स ही इज अप!" तो उभा राहिला होता. त्याला कुणी बाहेर काढलं नाही. तीन-शून्य होतं, दुसऱ्या कुणालाही उभं करून जिंकता आलं असतं, तरी काढलं नाही. चार-शून्यवर संपलं.

आई रडत रडत स्वयंपाकघरात धावली. पाण्याचा आवाज आला, घंटी वाजली. इरा चॅम्पियन चॅम्पियन करत सोफ्यावर उड्या मारत होती. निशिकांतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उभा राहिला ना? संपलं, चैतू. झालं आता."

मी रुचिरचा नंबर फिरवतच होते. कुणीतरी उचलला. मागे नुसती गाणी आणि आरोळ्या. मी रुचिरला द्या म्हटलं. आईनं ओल्या हातांनी माझ्याकडून फोन ओढून घेतला. "रुचिर! बाळा, जिंकलास रे!" तिकडून काहीतरी उत्तर आलं. आई हसली. "हो म्हणतोय. नुसतं हो हो करतोय, दमलाय." मग इरानं हट्ट केला म्हणून फोन तिच्या कानाला लावला.

"हॅलो मामा! यू विन! ... इरा. ... इरा लाह. ... सिंगापूर. ... आय टोल्ड यू, इरा. ... नो, ताई इज माय आई." तिचं नाचणं थांबलं होतं. "इरा," ती पुन्हा म्हणाली, ह्या वेळी फार हळू.

मी फोन घेतला. "रुचिर, मी ताई. कसा आहेस?"

"ताई," तो जड जिभेनं म्हणाला, "आज मॅच कधी आहे गं? मला कुणी सांगतच नाहीये."

"तुझ्या शेजारी जो असेल त्याच्या हातात फोन दे. आत्ता. रुचिर, दे." कुणातरी मुलानं घेतला, हसत म्हणाला की रुचिर जरा भंजाळलाय, आनंदानं. मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, म्हटलं. त्याला झोपू देऊ नका. ट्रेनरला पकडून आणा. त्या मुलाचं हसणं थांबलं. त्यानं कुणालातरी हाक मारली, धावत गेल्याचा आवाज आला, काहीतरी धातूचं आपटलं आणि फोन बंद झाला.

मी पुन्हा लावला. नुसती रिंग. निशिकांत दुसऱ्या फोनवरून विमान कंपनीशी बोलत होता, रुचिरच्या गावाचं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगत होता. आई दारात उभी होती. हातात साखरेची वाटी होती आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत होती.

इरा माझ्या मांडीला टेकली. तिनं माझा ओला गाल आपल्या फ्रॉकनं पुसला, मग विचार करत म्हणाली, "आई, मामाला मी माहीत नाही. मी किती वेळा सांगितलं, तरी नाही." तिनं माझा हात हलवला. "मग आता त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं का? मी कुठून सुरू करू?"