मशीनच्या अंगात आलं

बजाजनगरात तेव्हा कपडे धुण्याचं मशीन म्हणजे मोठं अप्रूप होतं. घरं एकाला एक लागून, मध्ये एका विटेची भिंत. एका घरात मिरचीची फोडणी पडली की चार घरांत शिंका. अशा गल्लीत खंडेनवमीच्या सकाळी टेम्पो शिरला आणि समोर गोल काच असलेलं पांढरंशुभ्र मशीन भिकनच्या दारात उतरलं. बायका हातातली धुणी तशीच टाकून बघायला आल्या.

भिकनच्या बायकोचा, चतुराचा, सगळा जीव त्या मशीनवर होता. वाळूजच्या एका कारखान्यात तिला वायरी जोडायचं काम मिळालं होतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला जायचं. पण तिच्या सासूबाईंनी, बानाबाईंनी, आधीच बजावून ठेवलं होतं, "भाकरी मी थापीन. पर धुणं माझ्यानं होणार नाय. भिकन्याचे तेलकट कपडे आपटून माझे खांदे गेले. मशीन धूत असंल तर खुशाल जा. नाय धुतलं, तर काम इसरायचं." बानाबाईंचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांच्या बोलण्यात कपट नसे, पण बोललेला शब्द मागंही येत नसे.

मशीन उतरल्यावर चतुरा झेंडू आणायला बाजारात गेली. परत आली तर दुकानाचा माणूस येऊन गेलाही होता.

"बसवून गेला का, आत्याबाई?"

"आला आन् गेला," बानाबाई म्हणाल्या आणि पूजेच्या पाटाकडं वळल्या. पाटावर मेंढरं कातरायची जुनी कातर, विळा, कुऱ्हाड आणि भिकनचे लोखंडी पाने ओळीनं मांडलेले होते. त्या सगळ्यांना हळदकुंकू लावण्यात त्या गढून गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी भिकननं मोरीतल्या मशीनमागं हात घालून चाचपतच पाण्याचा पाईप जोडला, चतुरानं मशीनला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला आणि बटण दाबलं. पाणी भरलं. फेस आला. कपडे काचेआड गरगरा लोळायला लागले. थोडी धडधड होत होती. पण नवी वस्तू, होत असेल, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. चतुरा तर काचेसमोर मांडी ठोकून बसली होती, जत्रेतला खेळ बघावा तशी.

मग कपडे पिळायची वेळ आली, आणि काय सांगावं! धाड, धाड, धाडधाडधाड! भांड्यांच्या फळीवरचे पेले नाचायला लागले. माळ तुटली, झेंडू घरभर. मशीन जागेवरून उठलं आणि मोरीच्या दारातून उड्या मारत थेट चुलीकडं निघालं.

"आगं बया!" बानाबाई तुरुतुरु बाजेवर चढल्या. "ह्याच्या अंगात आलंय! भिकन्या, भंडारा आण, भंडारा!"

भिकन भंडारा आणतो तोवर वायर ताणली गेली, पिन निघाली आणि मशीन घराच्या मधोमध थांबलं. गल्ली दारात लोटली. पलीकडच्या घरातला बद्रीनाथ सगळ्यांना सारून आत आला. तो पत्र्याच्या कारखान्यात होता आणि यंत्राचा विषय निघाला की त्याला धीर धरवत नसे.

"बेअरिंग गेलं," तो म्हणाला. "भिंतीतून ऐकलं मी. डोळे झाकून सांगतो, बेअरिंग."

"बद्रीनाथभावजी, बेअरिंग गेलं की घरघर येती ना?" चतुरा म्हणाली. "हे तर कुणी दारावर लाथा हाणल्यावानी वाजतंय."

"मंग खिशात नाणं राहिलं असंल."

चतुरानं सगळे कपडे बाहेर काढले, खिसे उलटे केले, पिन लावून रिकामं मशीन पुन्हा पिळायला लावलं. तीच धाडधाड. भिकन म्हणाला, फरशी उंचसखल आहे. मशीनच्या पायांखाली लाकडाच्या ढलप्या सारल्या, वर भरलेली पाण्याची वाटी ठेवून सपाटी पाहिली. वाटीतलं पाणी शांत. बटण दाबलं आणि वाटी उडून बद्रीनाथच्या पोटावर पालथी.

"झाली आंघोळ," बाहेरून कोणीतरी म्हणालं, आणि गल्ली खदखदून हसली.

चतुरा मात्र हसली नाही. बानाबाई बाजेवरून बोलल्या, "भिकन्या, टेम्पो बोलाव. आजच्या आज परत कर. चतुरे, तुझ्या कामाचं मग..."

"थांबा, आत्याबाई. जराशीक थांबा!"

तिनं काचेचं दार उघडलं, आत हात घातला आणि ड्रमला वर ढकललं. ड्रमबरोबर सगळं मशीनच उचललं गेलं. तिच्या डोळ्यांपुढं दुकान आलं. तिथं मांडलेल्या मशीनमध्ये तिनं असाच हात घातला होता, तेव्हा ड्रम पाळण्यासारखा झुलला होता. दुकानदार हसून म्हणालाही होता, ताई, आत लेकरू झोपवायचं का?

"तिथं हे झुलत होतं," ती म्हणाली. "इथं झुलत नाय. आतून कशानं तरी धरून ठेवलंय ह्याला."

"कोण धरतंय त्याला?" बानाबाई फणकारल्या. "उगं पाय बांधल्या कोकरावानी उड्या मारतंय. तळ हलवताना आम्ही कोकरं घोड्यावर बांधून न्यायचो. नव्या तळावर एखाद्याचे पाय सोडायचे राहिले की असंच धडपडायचं."

चतुरा गर्रकन वळली. "काय म्हणालात?"

"काय म्हणाले? कोकरू म्हणाले."

"आत्याबाई, हे बी टेम्पोतून आलंय की! वाटेत आदळू नये म्हणून ह्याला बी बांधलं असंल! आवो, फिरवा, मशीन फिरवा!"

भिकननं आणि बद्रीनाथनं मशीन गोल फिरवलं. पाठीला चार लांबलचक बोल्ट आत घुसलेले होते. आणि चारही बोल्टांवर ठसठशीत हळदकुंकू!

सगळ्यांच्या माना हळूहळू बाजेकडं वळल्या.

"माझ्याकडं काय बघता?" बानाबाईंनी पदर सावरला. "त्या माणसानं काल पाना काढला अन् म्हणला, मावशी, हे सोडायचंय. आता खंडेनवमीला कुणी हत्यार चालवतं व्हय? पूजा असती त्या दिवशी त्याची! म्हणलं, ठिव तो पाना. तो म्हणला, उद्या सुट्टी, परवा येतो. म्हणलं, परवा ये."

"अन् कुंकू?" भिकननं विचारलं.

"त्यानं बोट दावलं तिथं. मला वाटलं, मशीनमधलं हेच मुख्य."

"काकू," बद्रीनाथ पोट धरून म्हणाला, "कोकरू राहिलं बाजूला, तुम्ही दाव्याचीच पूजा केली!"

आता बानाबाईही हसायला लागल्या, इतक्या की बाज करकरली. मग उतरल्या, पाटावरचा पाना उचलला आणि चतुराच्या हातात दिला. "घे. आज दसरा हाय, आज चालतं. तूच सोड."

तीन बोल्ट मुकाट निघाले. चौथा कुंकवाच्या थराखाली घट्ट बसला होता. चतुरानं ओठ आवळले, पाय भिंतीला लावला आणि सारा जोर लावला. कर्र झालं आणि तोही हातात आला. तिनं आत हात घालून ड्रमला ढकललं. झुलला! पाळण्यासारखा झुलला!

ओले कपडे पुन्हा आत गेले. बटण दाबताना दारातली पोरंसुद्धा पुढं सरकली. मशीन फिरायला लागलं, वेग घेत गेलं, आणि त्यातून नुसती एक लांब, गोड घूं ऐकू यायला लागली. फळीवरचा एक पेला हलला नाही. बानाबाईंनी मशीनवर तळहात ठेवला, मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाल्या, "सुटलं गं बाई."

ते चार बोल्ट त्यांनी पुसून कातरीशेजारी ठेवले. दर खंडेनवमीला पाटावर त्यांचीही पूजा व्हायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चतुरा डबा घेऊन, नवी साडी सावरत, गल्लीच्या टोकाशी पोचली. कारखान्याची बस समोर उभी होती. तेवढ्यात मागून सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी हाक आली.

"चतुरे! आगं, साबण किती टाकायचा ते तर सांगून जा!"